फोडशी ओळखावी कशी?

मृगाचा पाऊस पडला की डोंगर हिरवे होतात. शेतात पेरणीची घाई सुरू होते. घरात मात्र या दिवसांत भाजीची ओढाताण असते. उन्हाळी भाजी संपलेली असते. परसातल्या वेलांना अजून फळ धरलेले नसते. अशा वेळी रान आपल्याला भाजी देते. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे आणि फोडशी. या भाज्यांना बी पेरावे लागत नाही, पाणी घालावे लागत नाही, पदरचा पैसाही मोजावा लागत नाही.

पण रानात खायचे आणि न खायचे शेजारी शेजारी उगवते. झाडावर कोणी पाटी लावून ठेवलेली नसते. दोन पाने सारखी दिसतात. एक भाजी असते, दुसरे विष असते. म्हणून रानभाजी खाणाऱ्याला पहिली विद्या हवी ती ओळखण्याची.

ही विद्या आपल्या आजीपाशी होती. ती आईला मिळाली. आता मुली शिकायला बाहेरगावी जातात, सुना दुसऱ्या मुलखातून येतात. आजीबरोबर रानात जायला कोणाला सवड नसते. रान तेच आहे, भाजी तीच आहे, पण ओळख पुसत चालली आहे. म्हणून फोडशीच्या खुणा येथे लिहून दिल्या आहेत. सावकाश वाचा. जमल्यास घरात मोठ्याने वाचून दाखवा.

फोडशी म्हणजे काय?

कोणी हिला फोडशी म्हणतात, कोणी कुलू, कोणी कुळीची भाजी. सह्याद्रीच्या उतारावर, कोकणात, ठाणे, पालघर आणि नाशिककडच्या डोंगरांत ती पावसाच्या आरंभी उगवते. लांबून पाहिले तर गवत वाटते. जवळून पाहिले तर कांद्याची किंवा लसणाची पात वाटते. पण तिला कांद्याचा वास नाही, लसणाचाही नाही.

फोडशी ही पांढऱ्या मुसळीच्या कुळातली आहे. या कुळात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या एका जातीची शास्त्रीय ओळख १९५० ते १९६० या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी करून दिली. तिच्या शास्त्रीय नावात मुंबईजवळच्या बोरिवलीचे नाव गुंफलेले आहे. तिच्या मुळ्या औषधासाठी विकल्या जातात. त्या पायी लोकांनी रानेच्या राने खणली, आणि ही वनस्पती पुष्कळ ठिकाणी विरळ झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

पाच खुणा

शाळेत एकाच नावाची दोन मुले असतात. दाखला देताना आम्ही नुसते नाव पाहून दाखला देत नाही. बापाचे नाव पाहतो, गाव पाहतो, जन्मतारीख पाहतो. सगळे जुळले की मगच सही करतो. फोडशीचेही तसेच आहे. एका खुणेवर विसंबू नका. पाचही खुणा पाहा.

पहिली खूण, बूड. फोडशीची सगळी पाने जमिनीतून एकाच जागेवरून निघतात आणि चहूकडे पसरतात. पाने धरणारे वेगळे खोड नसते. उभ्या दांड्यावर एकावर एक पाने फुटलेली असतील तर ती फोडशी नव्हे.

दुसरी खूण, पान. पान लांब, चपटे आणि मऊ असते. साधारण बोटाएवढे रुंद, कधी थोडे अधिक. त्यावरच्या रेषा बुडापासून टोकापर्यंत सरळ जातात. कांद्याची पात पोकळ नळीसारखी असते, फोडशीचे पान पोकळ नसते.

तिसरी खूण, टोक. पानाचे टोक निमुळते होत जाते आणि तेथेच संपते. टोकाला वेलीच्या तणाव्यासारखा वळलेला आकडा नसतो.

चौथी खूण, मूळ. मातीखाली जाड, पांढरट मुळ्यांचा झुबका असतो. त्या बोटांसारख्या दिसतात. काही जातींत मुळीच्या दोऱ्याला लहान गाठी लोंबतात. पण कांद्यासारखा पाकळ्या पाकळ्यांचा गड्डा फोडशीला कधीही नसतो.

पाचवी खूण, फूल. पानांच्या मधून एक उभा दांडा येतो. त्यावर पांढरी फुले लागतात. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, आणि मध्ये पिवळे केसर. ही खूण सर्वांत पक्की. पण अडचण अशी की फूल येईतो पान जून होते, भाजीच्या कामाचे राहत नाही. मग या खुणेचा उपयोग काय? उपयोग असा. पांढरी फुले दिसतील तेव्हा ती जागा हेरून ठेवा. कोणत्या दगडाशी, कोणत्या झाडाच्या उताराला, ते मनात धरा. फोडशीची मुळी जमिनीत जिवंत राहते. पुढल्या वर्षी पहिल्या पावसात तेथेच कोवळी पाने येतील. यंदा फूल पाहा, पुढल्या वर्षी भाजी खुडा.

फोडशीचे फसवे सोबती

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपण म्हणतो. फोडशीच्या सोबतीला चौघे उगवतात. दोघे निरुपद्रवी आहेत, दोघे जिवावर उठणारे आहेत.

पहिले साधे गवत. गवताच्या काडीला पेरे असतात, आणि पान त्या काडीला गुंडाळून निघते. पुष्कळ गवतांची कड हाताला खरखरीत लागते. गवत भाजीत आले तर घास गोड लागणार नाही, एवढेच.

दुसरी काळी मुसळी. हिची पाने माडाच्या कोवळ्या रोपासारखी घडी पडलेली असतात. फूल पिवळे, चांदणीसारखे, अगदी जमिनीलगत येते. फोडशीचे फूल पांढरे आणि उंच दांड्यावर. एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

तिसरा कोळकांदा. याला पुष्कळ ठिकाणी रानकांदा म्हणतात. याच्यापासून फार जपले पाहिजे, कारण याचीही पाने लांब, चपटी, आणि जमिनीतून एकाच जागेवरून निघालेली असतात. म्हणजे पहिल्या तिन्ही खुणा हा फोडशीसारख्याच दाखवतो! फरक आहे तो मातीखाली. माती बाजूला केली तर खाली पांढरा कांदा लागतो, अगदी आपल्या घरातल्या कांद्याच्या घडणीचा. पण त्याला कांद्याचा वास नसतो. त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते. या कांद्यातले विष हृदयावर जाते. ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, ठोका चुकू लागतो. याच्याच एका परदेशी भाऊबंदाच्या कांद्यापासून उंदीर मारायचे औषध करीत असत. त्यावरून त्याचा गुण समजावा.

कोळकांद्याची आणखी एक खूण उन्हाळ्यात मिळते. तेव्हा त्याला पान नसते. उघड्या जमिनीतून नुसता लांब दांडा वर येतो आणि त्यावर मळकट रंगाची लहान फुले लागतात. पाने येतात ती नंतर, पावसात. उन्हाळ्यात जेथे असा बिनपानाचा दांडा दिसला, तेथे पावसाळ्यात भाजी खुडू नका.

चौथी कळलावी. हिला खड्यानाग असेही म्हणतात. श्रावण भाद्रपदात हिचे लाल पिवळे फूल ज्वाळेसारखे पेटलेले दिसते. तेव्हा तिला कोणीही ओळखील. पण भाजी खुडायच्या दिवसांत फूल नसते. तेव्हा ती मातीतून नुकती वर आलेली, कोवळी, हिरवी असते. ओळख अशी की तिला खोड असते, आणि त्यावर एकापुढे एक पाने फुटतात. पुढे तिच्या पानाचे टोक लांब होऊन आकड्यासारखे वळते, आणि त्या आकड्याने ती कुंपणावर चढते. मात्र कोवळ्या रोपाच्या खालच्या पानांना आकडा नसतोही. म्हणून आकडा नाही, तर भाजीच असणार, असे कधी समजू नये. खोड आहे की नाही, ते पाहावे.

कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा, वाकडा असतो. म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. श्रीलंकेत हा कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. कंद उकडला तरी त्याचे विष जात नाही. पान, फूल, बी, कंद, सगळेच विषारी आहे. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून काही ठिकाणी हा कंद वापरीत असत. तसे कोणीही करू नये.

परमुलखातला एक धडा

पाने ओळखण्यात चूक होते ती केवळ आपल्याकडेच असे नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत रानात एक लसूण उगवते. तिच्या जर्मन नावाचा अर्थ अस्वलाची लसूण असा होतो. थंडी सरली की लोक टोपल्या घेऊन तिची रुंद, हिरवी पाने खुडायला जातात. तिची मोठी खूण म्हणजे वास. पान चुरगळले की लसणीचा दर्प येतो.

तेवढ्याच वेळी त्याच रानात दोन विषारी झाडे पाने काढतात. एकाची दोन पाने एकाच दांड्यावर जोडीने येतात. रानलसणीच्या प्रत्येक पानाचा देठ मात्र जमिनीतून वेगळा निघतो. दुसऱ्या झाडाला फूल येते ते पावसाळा सरल्यावरच्या दिवसांत. त्यामुळे पाने खुडताना फुलाची मदत होत नाही. ही पाने रानलसूण म्हणून खाल्ल्याने तिकडे माणसे मेली आहेत.

वासाची एवढी पक्की खूण असताना लोक फसतात कसे? कारण सोपे आहे. पहिली दहा पाने खरी असतात. त्यांचा वास बोटांना लागतो. मग अकरावे पान विषारी असले तरी हाताला वास लसणीचाच येतो! माणसाला वाटते, पानाचा वास आहे. असतो तो बोटांचा.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दुसऱ्या झाडात जे विष आहे, तेच विष आपल्या कळलावीत आहे. त्याला कोल्चिसीन म्हणतात. १८२० साली फ्रान्समधल्या पेलेतिए आणि कावांतू या दोघा शास्त्रज्ञांनी ते त्या झाडातून वेगळे काढले. हिवतापावरचे कोयनेल वेगळे काढणारे ते हेच दोघे. डॉक्टर लोक अगदी थोड्या मापाने हे द्रव्य सांधेदुखीच्या एका जातीवर देतात. माप थोडे चुकले तर तेच जीव घेते. देश निराळे, झाडे निराळी, पण विष एक आणि चूकही एकच.

आपल्या फोडशीला तर वासाचीही खूण नाही. म्हणून आपल्याला डोळ्यांवर आणि बोटांवरच भिस्त ठेवली पाहिजे.

खुडण्याची रीत

नवी सून पहिल्यांदा सासूबरोबर रानात गेली, तर बोलणे असे व्हावे.

“आत्याबाई, हे बघा, सारा उतार फोडशीनं भरलाय. विळ्यानं कापून घेऊ का एकदम?”

“विळा ठेव बाजूला. एक गड्डी धर, बुडाशी बघ, मग खूड. मग दुसरी धर.”

“एक बघितली की सगळ्या त्याच ना?”

“शितावरून भाताची परीक्षा चुलीपाशी होते, बाई. रानात नाही होत. भात आपण एका पोत्यातला शिजवतो. रान कुणी एका पोत्यातून पेरलंय?”

सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. फोडशीच्या दहा रोपांमध्ये एक कोळकांदा उगवू शकतो. विळ्याने सरसकट कापले की तोही मोटेत येतो. एकदा पाने कापली की बूड दिसत नाही, मूळ दिसत नाही. ओळखायला मग काही उरतच नाही. म्हणून रोपागणिक पाहावे आणि हाताने खुडावे.

नव्या जागी गेलात तर एक रोप मुळासकट काढून पाहा. मुळ्यांचा झुबका आहे ना, कांदा नाही ना, याची खात्री करा. पुढे जेथे जेथे शंका येईल, तेथे बोटाने किंवा काडीने माती सारून पाहा. बाकीच्या रोपांची मुळी मात्र उपटू नका. मुळ्या खणल्यामुळेच ती विरळ झाली, हे मघाशी आपण वाचले. पाने खुडली तर पुढल्या वर्षी पुन्हा भाजी मिळते. मुळी गेली तर भाजीच गेली. प्रत्येक जागी थोडी रोपे न खुडता सोडावी, म्हणजे त्यांना फूल येईल, बी धरेल.

चव घेऊन पारख करू नका. जनावर खाते म्हणून आपणही खावे, असेही करू नका. बकरीला जे पचते ते माणसाला पचेलच असे नाही. ज्या बांधावर तणनाशक फवारले असेल तेथली भाजी घेऊ नका. भाजी खरी असली तरी फवारा खोटा असतो.

पोरांना एकट्यांना भाजी आणायला पाठवू नये. बरोबर जाणते माणूस असावे.

घरी आणल्यावर

मोट सोडली की भाजी पुन्हा एकदा निवडा. ही दुसरी चाळणी. एकेक पान वेगळे करा. खोडाचा तुकडा, वळलेले टोक, निराळे दिसणारे पान आले तर ते बाजूला टाका. बुडाचा पांढरा, कडक भाग कापून काढा. मधला ताठ दांडा असेल तर तोही काढा. बुडाशी माती फार असते, म्हणून तीन पाण्यांनी धुवा. मग बारीक चिरा.

कढईत तेलावर लसूण, मिरची आणि कांदा परता. भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ घाला. डाळ थोडी शिजली की फोडशी घाला, मीठ घाला, आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. भाजी आळते, म्हणून मीठ आधी बेताने घालावे. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी असली म्हणजे दुसरे काही नको. चिरलेली फोडशी डाळीच्या पिठात कालवून भजीही करतात.

बाजारातली जुडी

आता फोडशी बाजारातही येते. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. त्या सुमारास गेली काही वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात. तेथे रानातल्या बाया भाजी घेऊन येतात आणि ती कशी करायची तेही सांगतात. ज्याला ओळख शिकायची त्याने तेथे जरूर जावे.

जुडी घेताना बुडासकट असलेली घ्या. विकणाऱ्या बाईला विचारा, “मावशी, कुठल्या डोंगरावरची? खुडली कुणी?” जिने स्वतः खुडली ती बाई चटकन सांगते. कापून चिरून ठेवलेली अनोळखी पाने घेऊ नका.

चूक झालीच तर

रानभाजी खाल्ल्यावर पोटात मळमळ, ओकाऱ्या, जुलाब, तोंडाची आग, छातीत धडधड किंवा चक्कर, यांपैकी काही झाले तर वाट पाहू नका. कळलावीचे विष लगेच दिसत नाही. दोन तासांनी दिसेल, बारा तासांनी दिसेल, कधी त्याहूनही उशिरा दिसेल. आधी ओकाऱ्या जुलाब होतात. मग माणसाला बरे वाटू लागते, आणि तेवढ्यात आत काळीज, मूत्रपिंड यांवर घाला पडलेला असतो. या विषातून वाचलेल्या माणसाचे केस एक दोन आठवड्यांनी गळतात, इतके ते जहाल आहे. त्यावर नेमका असा उतारा नाही. म्हणून वेळेवर दवाखाना हाच उपाय.

१०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ सालापासून या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. पैसे पडत नाहीत. मीठ पाणी पाजून ओकारी काढू नका. भगत, मांत्रिक यांच्याकडे वेळ दवडू नका. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सर्वांना न्या. ज्याला अजून काही होत नाही त्यालाही न्या. उरलेली भाजी, निवडताना टाकलेली पाने, आणि मिळाल्यास ते रोप बरोबर घ्या. भाजी किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना सांगा. लाजू नका, लपवू नका. डॉक्टरांना झाड कळले तर इलाजाची दिशा कळते.

हे लक्षात ठेवा

१. एका खुणेवर भाजी खुडू नये. खुणा सगळ्या जुळाव्या.
२. खोड दिसले, कांदा लागला, की ती फोडशी नव्हे.
३. विळ्याने सरसकट कापू नये. रोपागणिक पाहून हाताने खुडावे.
४. मुळी उपटू नये.
५. शंका आली तर टाकून द्यावे. एक वेळची भाजी गेली तर चटणी भाकरी आहे. जीव गेला तर काही नाही.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्या गावात एखादी म्हातारी आजी असेल. तिला अक्षर येत नसेल, पण रानातले पान न् पान येत असेल. तुम्हाला आता अक्षर येते. एक वही घ्या. तिच्याबरोबर रानात जा. ती सांगेल त्या खुणा आपल्या हाताने लिहून काढा. भाजीचे नाव, जागा, महिना, पान, मूळ, फूल, आणि तिच्यासारखे दिसणारे विषारी झाड. आजी आहे तोवर हे काम होईल. नंतर ते कोणालाच करता येणार नाही.

प्रश्न

१. फोडशीच्या पाच खुणा कोणत्या?
२. कोळकांदा आणि फोडशी यांतला फरक कोठे पाहावा?
३. रानलसूण खुडणारे लोक वासाने कसे फसतात?
४. भाजी विषारी निघाली तर दवाखान्यात बरोबर काय न्यावे?
५. तुमच्या गावात फोडशीला काय म्हणतात? घरी विचारून लिहा.